दहा हात

बायडाबाईच्या हातात कायम उसाचं एक वाळकं कांडकं असायचं. ते खायला नव्हे, मारायला. बाळासो पाटलाच्या गुऱ्हाळावर चिपाड वाळवायला येणाऱ्या सात-आठ बायकांवर तिचा अंमल चाले, आणि तो त्या कांडक्याच्या जोरावर चाले. घाण्यातून रस पिळून निघालेलं ओलं चिपाड माळावर पसरायचं, उन्हात उलटंपालटं करायचं, खडखडीत वाळलं की त्याची गंजी घालायची, आणि तेच पुढं काहिलीखालच्या चुलवाणात जाळायचं. एवढंच काम. नियमही एकच होता. गंजी चुलवाणापासून दहा हात लांब. नऊ नाही, साडेनऊ नाही, दहा. पंधरा वर्षं बायडाबाई ते अंतर स्वतःच्या हातानं मोजत आली होती, आणि जिनं आळसापोटी भारा अलीकडं टाकला तिच्या पोटरीवर वळ उठवत आली होती. चुलवाणात जाळ घालणाऱ्या जोतीरामाची बायको बयाबाई, तिनं मागच्या हंगामात एकदा भारा नऊ हातांवर टाकला होता. तो वळ महिनाभर गेला नाही.

"जळून मरायचं आसंल तर घरला जाऊन मर, हितं न्हाय," असं बायडाबाई तेव्हा म्हणाली होती. वर एक शिवी हासडली होती, ती इथं सांगण्यासारखी नाही.

तिचा नवरा केरबा त्याच गुऱ्हाळाचा गुळव्या. नऊ फूट रुंदीची लोखंडी काहील, तिच्यात उकळणारा रस, आणि वर काठाशी उभा राहून फेसाचा रंग बघणारा केरबा. आदण, म्हणजे काहिलीतला तो उकळता रस, केव्हा उतरवायचं ते फक्त तोच सांगणार. शाहूपुरीच्या पेठेत त्याच्या हातचा गूळ अडते नुसत्या वासावर ओळखत. माणूस मुलखाचा अबोल आणि त्याहून हट्टी. आदण चुलीवर असताना जागा सोडायची नाही म्हणजे नाही. पोराच्या, कृष्णाताच्या, लग्नाला हा बाप आदण उतरवून मगच आला होता. तोवर भटजी, नवरी, वऱ्हाड सगळे हातात अक्षता धरून ताटकळत बसले होते. बायडाबाईनं त्यावरून त्याला पाच वर्षं टोचून खाल्लं, आणि त्यानं पाच वर्षं ऐकून घेतलं.

त्या लग्नातली नवरी मीना. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सातव्यातच सगळं संपलं. आता तिसरी खेप होती आणि नववा भरला होता. कृष्णात हंगामासाठी बिद्रीच्या कारखान्यावर. मग सुनेवर पहारा सासूचा. मीनेनं घागर उचलली की बायडाबाई ओरडे, मीना जरा जास्त वेळ निजली तरी ओरडे. माया होती तिची, पण ती ओरडण्याच्याच वाटेनं बाहेर पडायची, दुसरी वाट तिला ठाऊकच नव्हती. हे पोर जगलं पाहिजे. त्या साली बायडाबाईला देवाकडं दुसरं काही मागायचं नव्हतं.

डिसेंबरची अकरा तारीख, सोमवार, साल सदुसष्ट. पहाटे चारच्या पुढं केव्हातरी बायडाबाईला जाग आली ती घरघरीनं. तिला वाटलं, गुऱ्हाळावरचं इंजिन सुटलं, केरबा कुठं मेला? मग अंथरूण तिच्याखालून सरकलं. फडताळातली भांडी एकामागून एक खाली आली, कौलं खडखडली, आढ्यातून शेर-दोन शेर माती थेट तिच्या तोंडात पडली. ती थुंकत, ठेचाळत मीनेकडं गेली आणि तिच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उंबऱ्याबाहेर ओढलं. अंगणात दोघी पडल्या. जमीन पोटाखाली हलत होती आणि बायडाबाई सुनेच्या पोटावर दोन्ही हात आडवे धरून जमिनीला शिव्या घालत होती.

सगळं थांबलं तेव्हा शेजारच्या धोंडुबाईच्या गोठ्याची भिंत आडवी झालेली होती. खाली रेडकू कंबरेपर्यंत चेंगरलं होतं. ते ओरडत होतं, म्हैस दावं तोडायला हिसडे देत होती, धोंडुबाई ऊर बडवत होती, आणि चार बाप्ये दगड उपसत होते. तासाभरानं रेडकू गप झालं. बायडाबाईच्या घराच्या मागच्या भिंतीला आढ्यापासून खालपर्यंत बोटभर चीर गेली होती. तिनं त्या चिरेत बोट घालून बघितलं आणि तिथंच ठरवलं, ह्या घरात आता मीनेला निजवायची नाही.

उजाडल्यावर बाळासोच्या ट्रान्झिस्टरवर कळलं की कोयनेला भूकंप झाला आणि तिकडं माणसं मेली. ते ऐकून गाव जरा कुठं बसतंय तोवर नदीच्या अंगानं एक सायकलवाला बोंबलत आला, "धरण फुटलं! राधानगरीचं धरण फुटलं! पाणी आलंऽ!" तो कोण, कुठला, कुणीच विचारलं नाही. गाव पंचगंगेच्या कडेला, आणि सगळ्यांना एकच वाट, माळाकडं चढणारी. त्या वाटेवर त्या सकाळी माणसांनी माणसं तुडवली. एकानं आईला मागं टाकून पेटी उचलली. एका गाडीचे बैल बुजले आणि गाडी कुंपणात उलटली. बायडाबाईनं डाव्या हातानं मीनेला धरलं आणि उजव्या हातातल्या कांडक्यानं वाट काढली. ज्याच्या पाठीत बसलं त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

पाणी आलंच नाही. दुपारपर्यंत सगळे माळाच्या टोकावर उभं राहून नदीकडं बघत राहिले. नदी रोजच्यासारखी वाहत होती. सायकलवाल्याचा पत्ता नव्हता. तरी खाली जायला कुणी धजेना. दिवसातून चारदा जमीन जराशी हले, आणि हलली की बायका पदर तोंडाशी धरत.

आणि ह्या सगळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. फडातून आठ गाड्या ऊस तोडून आलेला, तो दोन दिवस ठेवला तर रस आंबणार. केरबानं पहाटेच्या हादऱ्यानंतर चुलवाणाभोवती एक फेरी मारली. धुराड्याच्या बाजूच्या भिंतीला चीर पडली होती. त्यानं शेण-माती कालवून ती लिंपली, हात धुतले आणि बायडाबाईला हाक मारली.

"लिंपण वलं हाय अजून. दोन दिस ह्या अंगाला काडी सुदिक आणू नगो."

"मला शिकवा आता. पंधरा वरसं काय शेण थापत हुते?"

केरबा परत काहिलीवर चढला.

दुपार कलली तसा गावात प्रश्न पडला, रात्री निजायचं कुठं? घरात भिंती, खाली नदी, आणि माळावर मार्गशीर्षातली थंडी. तेव्हा बायडाबाईच पुढं झाली. चिपाडाच्या गंजीवर चढून तिनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "समदी हितंच निजा! डोसक्यावर भिंत न्हाय, पाणी चढत न्हाय, आन् अंगाखाली ह्यो चिपाडाचा बिछाना हाय. पोराबाळास्नी मधी घ्या. कुणी बिडी वडंल त्येचं तोंड फोडीन." लोकांना पटलं. दोनशे माणसं वाळल्या चिपाडावर पसरली. कुणी तिला देवमाणूस म्हणालं आणि तिला ते आवडलं. का आवडू नये? आयुष्यभर तिच्या वाट्याला लोकांचं घाबरणंच आलं होतं.

एक मीना तेवढी तयार नव्हती.

"आत्ती, आपल्या अंगणात पडू या की. भिंतीपास्नं लांब. मला ह्यो धूर सोसत न्हाय, आन् एवढ्या माणसांत..."

"अंगणात? आन् पाणी आलं म्हंजी? मुकाट चल."

"पाणी न्हाय येत. मला भ्या वाटतंय हितं."

बायडाबाईनं तिचं मनगट धरलं आणि ओढलं. दोन बांगड्या फुटल्या, एकीची काच मीनेच्या मनगटात शिरली. रक्त बघून बायडाबाई चरकली. लग्न झालेल्या बाईची बांगडी अशी फुटू नये. पण ती हात सोडणारी नव्हती. पदरानं रक्त पुसलं आणि ओढणं चालूच ठेवलं.

सांजेला वारा सुटला. मीना कुडकुडायला लागली. तिचे दात वाजायला लागले तसा बायडाबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. गाव पसरलं होतं ते लांब, उघड्यावर. चुलवाणाच्या मागं, धुराड्याच्या बाजूला मात्र पाल्याचा कूड होता. तिथं वारा लागत नव्हता, आणि भिंत तापलेली असायची. बायडाबाईनं एकदा काहिलीकडं बघितलं. वर वाफेत केरबा, पलीकडच्या खड्ड्यात जोतीराम, दोघांचीही पाठ इकडं होती. तिनं गंजीतून भारे ओढायला सुरुवात केली. दहा हात, सात हात, चार हात. अगदी भिंतीला भिडवून तिनं चिपाडाची गव्हाण केली, मधी खळगा ठेवला, वर वाकळ अंथरली आणि मीनेला त्यात बसवलं. सगळ्या माळावरची सगळ्यात ऊबदार जागा, आणि काहिलीवरून न दिसणारी. पंधरा वर्षांचा नियम तिनं सुनेसाठी मोडला होता, आणि मोडताना तिला पाप वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

ती रात्र सुखरूप गेली. सकाळी लोक म्हणाले, बायडाबाईमुळं झोप लागली.

मंगळवारी दुपारी मीना म्हणाली, "आत्ती, पाठीला चटका बसतुया."

"ऊब हाय ती."

"ऊब न्हाय. बगा तरी."

बायडाबाईनं तिला बाजूला सरकवून भारा हलवला. लिंपण वाळून तडकलं होतं आणि चीर पुन्हा उघडी पडली होती. बोटभर. आतला जाळ तिला लालभडक दिसला. आता काय करायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं. मीनेला उचलायची, चिपाड मागं ओढायचं आणि केरबाला हाक मारायची. पण केरबा आला की आधी चिपाड बघणार, आणि तिच्याच बायकांसमोर, त्या बयाबाईसमोर, विचारणार, हे हितं कुणी आणलं? आणि मीनेला तिथून हलवली की गाव म्हणणार, बायडाबाईलाच भ्या वाटतंय, मग आमाला कशाला निजवलं? कालच लोकांनी तिला देवमाणूस म्हटलं होतं. तिनं मूठभर ओली माती चिरेत कोंबली, वरून पोत्याचा तुकडा दाबला आणि भारा हातभर मागं सरकवला.

"सांजच्याला तुझा सासरा जेवाय गेला की हलवू तुला," ती म्हणाली. "तवर कुणाला बोलू नगो."

पोट धरून मीना कुशीवर वळली.

सांजेला केरबा जेवायला गेला नाही. आदण रंगात आलं होतं. रस घट्ट होऊन त्याचे मोठमोठे बुडबुडे फुटत होते, वासानं माळ भरला होता, आणि दिवस मावळायच्या बेतात होता. बायडाबाई बयाबाईशी भांडत होती, एका फाटक्या पोत्यावरून. आधी कुत्री ओरडली, मग घरघर आली आणि जमिनीनं धक्का दिला.

कालच्याएवढा मोठा नव्हता तो. पण कालच्या हादऱ्यानं खिळखिळं झालेल्या चुलवाणाला तेवढा पुरला. बायडाबाईच्या डोळ्यांदेखत धुराडं वाकलं आणि कोसळलं. मागची भिंत आतून ढकलल्यासारखी फुटली. जाळाची जीभ बाहेर आली आणि चिपाडावर पडली. आधीच खडखडीत वाळलेलं, रात्रभर-दिवसभर तापलेलं चिपाड. ते पेटलं असं म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

"मीनाऽ!" बायडाबाई ओरडली. "मीना खाली हाय! अवंऽ, मीना भिंतीखाली हाय!"

वर काहील तिच्या ओट्यावरून सरकली होती. एका बाजूची वीट निघाली आणि ती धुराड्याच्या बाजूला कलली. खाली भिंतीचा ढिगारा, ढिगाऱ्यामागं मीना. उकळत्या गुळाचा काठ त्या बाजूला चढत होता. केरबानं हाक ऐकली. काहील उतरवायचा वासा शेजारीच होता. त्यानं तो कडीत घातला, जोतीरामाला ओरडून वर बोलावलं, आणि दोघांनी मिळून काहील ओढली. स्वतःकडं. दुसरीकडं ओढायला जागाच नव्हती. जन्मात एकही आदण न सांडलेल्या माणसानं ते आदण स्वतःच्या अंगावर घेतलं.

जोतीराम वाशासकट खाली खड्ड्यात पडला. गूळ त्याच्यावर पडला आणि तिथंच जाळही होता. तो एकदाच ओरडला. केरबा कंबरेपासून खाली गुळानं माखून ओट्यावरून घसरला. गूळ पाण्यासारखा वाहून जात नाही, चिकटून बसतो. तो हातानं पाय पुसायला गेला तशी हाताला कातडी आली.

माळावर दोनशे माणसं पळत होती. वाळलं चिपाड अंगाखालून पेटत होतं, वारा ठिणग्या पुढं नेत होता, सुटलेले बैल गर्दीत घुसले होते. धोंडुबाई पडली, तिच्या अंगावरून बैल गेला आणि ती परत उठली नाही. बायडाबाई उलट्या दिशेनं निघाली होती. समोरून येणारा एक गडी तिला आडवा झाला, तिला मागं ओढायला लागला, "म्हातारे, मरशील!" तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. रसाच्या टाकीपाशी ती थांबली. पाणी लांब, विहिरीत. टाकी मात्र कच्च्या रसानं काठोकाठ भरलेली होती. तिनं घागर बुडवून डोक्यावर ओतली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली, लुगडं चिंब झालं, आणि तिसरी घागर हातात घेऊन ती धुरात शिरली.

मीना खळग्यात नव्हती. भिंत फुटली तेव्हा ती कुडाकडं सरपटली होती, आणि आता कूडच पेटला होता. बायडाबाईनं घागर तिच्यावर उपडी केली. जळता भारा तिनं दोन्ही हातांनी उचलून बाजूला फेकला, मग दुसरा, मग तिसरा. हाताला काही जाणवत नव्हतं, फक्त वास येत होता, आणि तो स्वतःच्याच हातांचा आहे हे तिला नंतर कळलं. मीनेचा अंबाडा तिच्या हाताला लागला. तिनं केस मुठीत धरले आणि ओढलं. ओढतच राहिली. मीना किंचाळत होती, केस तुटत होते, ढेकळांवरून पाठ खरवडत होती, पण बायडाबाई थांबली ती उघड्या माळावर, नांगरटीत पोचल्यावर.

"पोट," मीना म्हणत होती. "आत्ती, पोट दुखतंय. आलं. आलं वाटतं."

एकच गाडी शाबूत होती, बाळासोची. एका बाजूला केरबा, दुसऱ्या बाजूला मीना, मधी बायडाबाई, चिंध्यांनी गुंडाळलेले हात वर धरून. बैल पळवत गाडी कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्याकडं निघाली. मागं सगळा माळ लाल दिसत होता, आणि जळत्या साखरेचा गोड वास नदीपर्यंत त्यांच्याबरोबर आला. एका अंगानं मीना कळा देत होती, दुसऱ्या अंगानं केरबा कण्हत होता. बायडाबाई एकदा इकडं वळे, एकदा तिकडं.

पुलाच्या अलीकडं केरबा नीट बोलला.

"पोर तिथं कशी गं? चिपाड दहा हात हुतं न्हवं?"

मीनेचं कण्हणं थांबलं. ती ऐकत होती.

"व्हय," बायडाबाई म्हणाली. "दहा हात हुतं. भेदरून पळाली तिकडं."

केरबानं मान आभाळाकडं वळवली.

"मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "लिंपण कच्चं ऱ्हायलं."

बायडाबाईला खरं बोलता आलं असतं, पूल अजून यायचा होता. पूल आला, गाडी पुलावर चढली आणि उतरली, आणि मग बोलून उपयोग राहिला नाही. केरबाचे डोळे उघडेच होते. बायडाबाईला ते मिटवताही येईनात, हात तसे राहिले नव्हते.

पहाटे मीना बाळंत झाली. मुलगी. धडधाकट, आणि आवाज आजीचा.

केरबा आणि जोतीराम, दोघांच्या एकत्रच घातलेल्या तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळं गाव बायडाबाईच्या अंगणात बसलं होतं. घर जसंच्या तसं उभं होतं. चीर बोटभर होती, तेवढीच राहिली होती. मंगळवारच्या धक्क्यात शिंक्यातलं दह्याचं गाडगंदेखील हललं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर बायडाबाई पहिल्यांदा त्या गाडग्यासमोर उभी राहिली होती, आणि किती वेळ उभी राहिली ते तिचं तिलाच ठाऊक.

त्या तेरा दिवसांत मीनेनं पोरीला एकदाही तिच्याजवळ दिलं नव्हतं. "आत्तीचं हात भाजल्यात, कसं घेतील," असं ती बायकांना सांगे, आणि बायकांना ते पटे. बायडाबाईला कारण माहीत होतं. गाडीत झालेलं बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलं असेल तर ते मीनेनंच. पण मीना त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. नुसती पोरीला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची.

अंगणात बोलणं केरबावर आलंच. बाळासो म्हणाला, "माणूस लाखाचा, पर हट्टी. आदण आदण करत बसला. सोमवारी जाळ काढला आसता तर तीन जीव वाचलं आसतं." कुणी म्हणालं, लिंपण तरी धड करायचं. कुणी म्हणालं, बायडाबाई हुती म्हणून सून वाचली, जाळात शिरली बाई, अशी बाई बघितली न्हाय. कृष्णात मान खाली घालून बसला होता. बाप हट्टी म्हणून जोतीराम मेला, असं त्याच्या तोंडावर चाललं होतं. बयाबाई कोपऱ्यात पांढऱ्या कपाळानं बसून ऐकत होती.

बायडाबाई उठली.

"लिंपण ब्येस हुतं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा, मोठा. "त्येनं सांगितलं हुतं, ह्या अंगाला काडी आणू नगो. मी आणली. गंजीतलं भारं भिंतीला भिडवलं, माझ्या सुनंला ऊब पायजे म्हणून. मंगळवारी दुपारी चीर उघडी बघितली. जाळ बघितला ह्या डोळ्यांनी. आन् बोलले न्हाय. तुमी मला देवमाणूस म्हणला हुतासा, म्हणून बोलले न्हाय. मरताना त्येनं इच्यारलं, दहा हात हुतं का? मी व्हय म्हणलं. त्यो सोताला दोष दिऊन मेला. आता काय करायचं ते करा."

मग बयाबाई उठली. दाराआड बायडाबाईचं कांडकं टेकून ठेवलेलं होतं, ते तिनं घेतलं आणि समोर येऊन उभी राहिली.

"नऊ हातावर टाकलं हुतं म्या," ती म्हणाली. "नऊ."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा पाठीत. कृष्णात धावला तर बायडाबाईनंच त्याला चिंध्या गुंडाळलेल्या हातानं थोपवलं. बयाबाई मारत राहिली. रडत होती आणि मारत होती. कांडकं मधोमध मोडलं तशी उरलेल्या तुकड्यानं मारत होती. बायडाबाई पाय रोवून उभी राहिली, एकदाही हात वर केला नाही, एक शिवी दिली नाही. अखेर बयाबाईच थकून अंगणात बसली. लोक एकेक करून उठून गेले. बयाबाईला तिच्या जावेनं धरून नेलं.

बायडाबाई उंबऱ्यावर टेकली. तिच्या पाठीवर वळ उठत होते. आता आपल्याला ह्या घरातही कुणी उभं करणार नाही, असं तिला वाटलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं.

आतून मीना आली. पोरीला कुंचीत गुंडाळलं होतं. ती सासूसमोर वाकली आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली.

"हातानं धरू नगा, दुखंल," मीना म्हणाली. "मांडी हलवा नुसती."